विश्लेषण : ‘गॅल्व्हानिक’ म्हणजे नेमकं काय? बेडकाच्या पायापासून जीआय पाइपपर्यंत पोहोचलेल्या लुईजी गॅल्व्हानी यांची गोष्ट

घरात नळाचं काम काढलं की प्लंबरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, जीआय टाकायचा की सीपीव्हीसी? यातल्या जीआयमधला ‘आय’ म्हणजे आयर्न, लोखंड. ‘जी’ म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, हेही हार्डवेअरच्या दुकानात कुणीही सांगेल. पण हा ‘जी’ मुळात एका माणसाच्या आडनावाचा आहे आणि त्या माणसाने आयुष्यात कधी लोखंडाला जस्त लावलं नव्हतं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. तो होता इटलीतला एक डॉक्टर. बारावीच्या लॅबमधला गॅल्व्हानोमीटर, केमिस्ट्रीतला गॅल्व्हानिक सेल आणि इंग्रजी अग्रलेखांत अधूनमधून डोकावणारं ‘गॅल्व्हानिक’ हे विशेषण, या सगळ्यांच्या मुळाशी तोच आहे. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक गोष्टी ज्या सिद्धांतावर चालतात, तो सिद्धांत या डॉक्टरांनी शेवटपर्यंत पूर्णपणे मान्य केला नव्हता.

‘गॅल्व्हानिक’चा अर्थ काय?

या विशेषणाचे दोन अर्थ आहेत. पहिला तांत्रिक. रासायनिक क्रियेतून निर्माण होणाऱ्या विजेशी संबंधित जे काही असेल ते गॅल्व्हानिक. टॉर्चमधला साधा सेल हे त्याचं सोपं उदाहरण. दोन वेगळे धातू आणि मधे क्षार किंवा आम्ल असलेलं पाणी, एवढं जुळलं की विजेचा प्रवाह सुरू होतो.

दुसरा अर्थ लाक्षणिक आहे आणि तो वापरताना जरा जपावं लागतं. मरगळलेल्या, थंड पडलेल्या माणसात किंवा समूहात अचानक जीव आणणारं ते गॅल्व्हानिक. आपण मराठीत अंगात वीज संचारली म्हणतो, ते याच्या अगदी जवळचं आहे. हरत आलेल्या संघाचा कर्णधार मध्यंतरात चार वाक्यं बोलतो आणि तेच अकरा जण वेगळेच होऊन मैदानात उतरतात, तेव्हा त्या बोलण्याचा परिणाम गॅल्व्हानिक झाला असं इंग्रजीत म्हणता येतं. ‘इलेक्ट्रिक’ हा शब्द यापेक्षा वेगळा. स्टेडियममधलं वातावरण इलेक्ट्रिक असतं, कारण तिथे उत्साह आधीपासूनच भरलेला असतो. ‘गॅल्व्हानिक’मध्ये आधीची निर्जीवता गृहीत धरलेली असते. जे हलत नव्हतं ते हललं पाहिजे, तरच हा शब्द शोभतो. नुसतं उत्तम भाषण म्हणजे गॅल्व्हानिक भाषण नव्हे.

याला आणखी एक छटा आहे, ती आता जवळपास विसरली गेली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी लेखनात हा शब्द एखाद्याच्या हसण्याला किंवा हालचालीलाही लावला जाई. म्हणजे मनातून न आलेलं, बाहेरून कुणीतरी तार लावल्यासारखं झटक्यात उमटलेलं आणि लगेच विझलेलं हसू. निर्जीव वस्तूची हालचाल, पण तिची स्वतःची नव्हे. ही छटा कुठून आली हे समजायला बोलोन्याला जावं लागतं.

कोण होते गॅल्व्हानी?

लुईजी गॅल्व्हानी यांचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ चा, उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहरातला. इटली नावाचा एकसंध देश तेव्हा नव्हता. बोलोन्यावर पोपची सत्ता होती. वडील सोनार. मुलाला तरुणपणी धर्मकार्याला वाहून घ्यायचं होतं, मठात जायचं होतं. घरच्यांनी त्याला त्यातून वळवलं आणि तो वैद्यकाकडे आला. १७५९ मध्ये त्यांनी बोलोन्या विद्यापीठाची पदवी घेतली. धर्मावरची निष्ठा मात्र मागे सुटली नाही, आणि पुढे आयुष्याच्या शेवटी त्यांना तिची मोठी किंमत मोजावी लागली.

शरीररचनाशास्त्राचे शिक्षक म्हणून त्यांचं नाव झालं. हाडं, पक्ष्यांची मूत्रपिंडं, पक्ष्यांचे कान असे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. पुढे ते प्रसूतिशास्त्रही शिकवू लागले. त्यांचा विवाह झाला तो त्यांच्याच गुरूंच्या, गॅलेआत्सी यांच्या मुलीशी. लुचिया तिचं नाव. ती शिकलेली होती, नवऱ्याच्या प्रयोगांत हात लावायची, त्याच्या लिखाणावर नजर टाकायची. त्यांना मूलबाळ झालं नाही. दम्याच्या विकाराने ती गेली, तेव्हा ज्या कामात ती बरोबर होती त्या कामाचा ग्रंथ अजून छापून यायचा होता.

बेडकांचा मुद्दा निघाला की एक किस्सा हमखास सांगितला जातो. आजारी बायकोसाठी बेडकाचं सूप करायचं म्हणून बेडूक सोलून ठेवले होते आणि त्यातून योगायोगाने शोध लागला, असा. ऐकायला छान आहे, पण ते खरं नाही. गॅल्व्हानी बेडकांवर ठरवून, टिपणं काढत प्रयोग करत होते. वीज हा तेव्हाचा सगळ्यात गरम विषय होता. काचेच्या बरणीत वीज साठवता येते हे १७४० च्या दशकातच कळलं होतं. लायडन जार ती हीच. वीज आणि शरीर यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न अनेक डॉक्टरांच्या डोक्यात होता.

बेडकाचा पाय हलला कसा?

साधारण १७८०-८१ ची गोष्ट. टेबलावर बेडकाचा मागचा भाग मांडलेला आहे, मांडीकडे जाणाऱ्या नसा उघड्या केलेल्या आहेत. त्याच टेबलावर, पण थोड्या अंतरावर, घर्षणाने वीज निर्माण करणारं यंत्र आहे. दोघांमध्ये तार वगैरे काही जोडलेलं नाही. एका सहायकाने सुरीचं टोक सहज नसेला टेकवलं आणि मेलेल्या बेडकाचे पाय जोरात आखडले. दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी उडाली होती.

इथे गॅल्व्हानी यांच्यातला प्रयोगकर्ता दिसतो. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, तर कधी पाय हले, कधी हलत नसे. इतर कुणी वैतागून सोडून दिलं असतं. त्यांनी शोधून काढलं की सुरीची मूठ हाडाची होती. बोटं नुसत्या हाडाला लागली असली तर काही होत नसे. पात्याला किंवा मुठीतल्या धातूच्या खिळ्यांना बोट लागलं की पाय उडे. म्हणजे माणसाच्या शरीरातून वाट मिळायला हवी होती. सर्किट पूर्ण होणं ही कल्पना आम्हाला इंजिनीअरिंगला पहिल्याच सेमिस्टरला फळ्यावर दोन रेघा मारून शिकवली गेली. ती कल्पना तयार नसताना केवळ एका मुठीवरून ती पकडणं किती अवघड असेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढे त्यांनी आकाशातल्या विजेवर प्रयोग केले. वादळात बेडकांचे पाय तारेला जोडून बाहेर ठेवले, वीज कडाडली की पाय हलत. मग १७८६ मध्ये खरा पेच पडला. पितळेच्या आकड्यांना अडकवलेले बेडूक त्यांनी घराच्या लोखंडी कठड्यावर टांगले होते. आकाश निरभ्र असतानाही पाय मधूनच हलत होते. आकडा कठड्यावर दाबला की हमखास हलत. मग हाच प्रयोग त्यांनी बंद खोलीत केला. वादळ नाही, यंत्र नाही, ठिणगी नाही. लोखंडी पत्र्यावर बेडूक ठेवला, पितळेचा आकडा पत्र्याला टेकवला, तरी पाय आखडले.

मग ही वीज आली कुठून? गॅल्व्हानी यांचं उत्तर होतं, बेडकातूनच. स्नायू म्हणजे एक छोटी लायडन जार आहे, तिच्यात प्राण्याची स्वतःची वीज साठलेली असते, आणि धातूचा तुकडा फक्त तिला वाट करून देतो. या विजेला त्यांनी प्राणिज वीज म्हटलं. दहाएक वर्षं प्रयोग करून, घाई न करता, १७९१ मध्ये त्यांनी हे सगळं लॅटिनमध्ये प्रसिद्ध केलं. त्यानंतर युरोपभर बेडकांवर संकट कोसळलं. जिथे बेडूक आणि दोन धातूंचे तुकडे मिळतील, तिथे हौशी आणि अभ्यासू दोघेही हा प्रयोग करून पाहू लागले.

व्होल्टा यांच्याशी वाद का झाला?

पाव्हिया विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७९२ मध्ये हे प्रयोग करून पाहिले. सुरुवातीला ते प्रभावित झाले. मग त्यांना शंका आली. दोन वेगवेगळे धातू वापरले की पाय जास्त जोरात का उडतो? वीज बेडकाची असेल तर धातू कोणता याने फरक का पडावा? त्यांनी कथलाचा वर्ख आणि चांदीचं नाणं स्वतःच्या जिभेवर एकमेकांना टेकवून पाहिलं, तर चमत्कारिक आंबट चव आली. इथे बेडूक नव्हता, तरी काहीतरी घडत होतं. हा अनुभव आजही घेता येतो. दातात जुन्या पद्धतीचं चांदीसारखं फिलिंग असलेल्या कुणी चुकून चॉकलेटचा चंदेरी कागद चावला असेल, तर त्याला ती सणक आठवत असेल. व्होल्टा यांचा निष्कर्ष सरळ होता. वीज धातूंच्या संपर्कातून येते, बेडूक हा फक्त अत्यंत संवेदनशील मीटर आहे.

गॅल्व्हानी यांनी १७९४ मध्ये याला उत्तर दिलं. धातू पूर्णपणे काढून टाकून त्यांनी बेडकाची कापलेली नस त्याच्याच स्नायूला टेकवली, तरी पाय हलला. १७९७ मध्ये त्यांनी त्याही पुढे जाऊन एका पायाची नस दुसऱ्या पायाच्या नसेला टेकवून तोच परिणाम दाखवला. आता धातूला दोष देता येत नव्हता.

मग जिंकलं कोण? अडचण अशी की दोघेही अर्धे बरोबर होते आणि दोघांनाही पूर्ण बरोबर असायचं होतं. कठड्यावरच्या प्रयोगात वीज खरोखरच पितळ, लोखंड आणि शरीरातलं खारट पाणी यांच्यातून येत होती. तिथे व्होल्टा बरोबर. नस स्नायूला टेकवलेल्या प्रयोगात वीज बेडकाचीच होती. तिथे गॅल्व्हानी बरोबर. जर्मन शास्त्रज्ञ हुंबोल्ट यांनी स्वतः शेकडो प्रयोग करून १७९७ मध्ये साधारण हेच सांगितलं होतं, पण भांडण इतकं तापलं होतं की तिसऱ्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. खरंतर गॅल्व्हानी स्वतः भांडखोर नव्हते. जाहीर वाद बहुतेक त्यांचा भाचा जिओव्हानी अल्दिनी याने घातला.

नोकरी का गेली?

१७९६ मध्ये नेपोलियनचं सैन्य उत्तर इटलीत उतरलं. बोलोन्या पोपच्या हातून गेलं आणि पुढच्या वर्षी फ्रेंचांच्या छायेखाली सिसाल्पाइन प्रजासत्ताक स्थापन झालं. नव्या सरकारने विद्यापीठाच्या प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली. बहुतेकांनी ती घेतली. संसार होते, पगार होते, आणि एका कागदाचाच प्रश्न होता.

गॅल्व्हानी यांनी नकार दिला. ही शपथ आपल्या धर्मश्रद्धेशी जुळत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ते राजकारणी नव्हते, त्यांनी सरकारविरुद्ध काही चळवळ केली नाही. फक्त सही केली नाही. एप्रिल १७९८ मध्ये त्यांची सगळी पदं गेली, पगार थांबला. साठी ओलांडलेला, पत्नी गमावलेला हा माणूस भावाच्या घरी राहायला गेला.

त्यांच्या नकाराकडे हट्ट म्हणूनही पाहता येईल. नवं सरकार त्यांच्या प्रयोगशाळेला हात लावत नव्हतं, उलट विज्ञानाला पाठिंबा देणारं होतं. व्होल्टा यांनी नव्या राजवटीशी जुळवून घेतलं. नेपोलियनसमोर प्रयोग दाखवले, मानसन्मान मिळवले आणि पुढे काउंट झाले. यात व्होल्टा यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण जो माणूस सुरीच्या मुठीतला खिळासुद्धा नोंदवल्याशिवाय पुढे जात नव्हता, त्याने मनात नसलेल्या शपथेवर सही केली नाही, यात मला विसंगती दिसत नाही.

मित्रांनी खटपट केली. गॅल्व्हानी यांच्यासाठी अपवाद करून, शपथेविना त्यांना परत घ्यायचं ठरलंही. पण ते प्रत्यक्षात येण्याआधी, ४ डिसेंबर १७९८ रोजी वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. बोलोन्यातल्या कोर्पुस डोमिनी चर्चमध्ये, लुचियाच्या शेजारी त्यांना पुरण्यात आलं.

नावाचं विशेषण कसं झालं?

गॅल्व्हानी गेल्यानंतर अवघ्या सव्वा वर्षाने, मार्च १८०० मध्ये, व्होल्टा यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून नवं उपकरण कळवलं. जस्त आणि चांदीच्या चकत्यांची चळत, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे. ही जगातली पहिली बॅटरी. हिची कल्पना त्यांनी विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाच्या अवयवावरून बेतली होती, हे विशेष. प्राण्यात वीज नाही म्हणणाऱ्याने बॅटरी प्राण्यावरून घेतली.

तोपर्यंत ‘गॅल्व्हानिझम’ आणि ‘गॅल्व्हानिक’ हे शब्द युरोपात रुळले होते. बॅटरीतून मिळणारी सलग वीज नवीन होती, तिला घर्षणाच्या विजेपासून वेगळं नाव हवं होतं, आणि जे नाव लोकांच्या तोंडी होतं तेच चिकटलं. म्हणून व्होल्टा यांच्या सिद्धांतावर चालणाऱ्या सेलला आजही गॅल्व्हानिक सेल म्हणतात. परीक्षेत व्होल्टाइक आणि गॅल्व्हानिक सेलमधला फरक लिहायला बसणाऱ्यांसाठी सांगायचं तर, व्यवहारात दोन्ही एकच आहेत. व्होल्टा यांच्या वाट्याला एकक आलं, व्होल्ट. १८८१ च्या पॅरिसमधल्या विद्युत परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झालं.

लोखंडापर्यंत हे नाव नेलं स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून त्यावर थर चढवण्याचं पेटंट त्याने १८३७ मध्ये घेतलं. आपल्याकडचा कल्हईवाला कथलाचा हात फिरवतो, हा जस्ताचा. या कामात वीज वापरत नाहीत, साधारण ४५० अंश सेल्सिअसला जस्त वितळवून त्यात लोखंड बुडवतात. तरी नाव गॅल्व्हनाइज्ड, कारण संरक्षण गॅल्व्हानिक क्रियेने होतं. थराला ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. हीच क्रिया उलटी फिरली की घात होतो. माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी तांब्याच्या नळीला थेट जीआयचा तुकडा जोडला होता. काही दिवसांनी नेमका तोच सांधा गळायला लागला. पाणी खराब आहे, असं निदान झालं. पाणी ठीक होतं, बेडकाच्या कठड्यावर घडलं तेच भिंतीत घडत होतं. न्यूयॉर्कच्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचंही असंच झालं होतं. बाहेर तांबं, आत लोखंडी सांगाडा, शेवटी १९८० च्या दशकात आतला सांगाडा मोठ्या प्रमाणावर बदलावा लागला.

आणि ते झटक्यात उमटणारं, निर्जीव हसू? त्याचं श्रेय भाच्याकडे जातं. मामांच्या मृत्यूनंतर अल्दिनी बॅटरी घेऊन युरोपभर फिरले. जानेवारी १८०३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात फाशी दिलेल्या जॉर्ज फोर्स्टर या कैद्याच्या मृतदेहाला त्यांनी लोकांसमोर तारा लावल्या. जबडा थरथरला, चेहरा वाकडा झाला, एक डोळा उघडला. बघणाऱ्यांपैकी काहींना तो जिवंत होतोय असं वाटलं. मेरी शेली यांची ‘फ्रँकन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ मध्ये आली. तिच्या १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लेखिकेने गॅल्व्हानिझमचा उल्लेख केला आहे. शांतपणे, टिपणं काढत काम करणाऱ्या मामांचं नाव लोकांच्या मनात असं प्रेताशी जोडलं गेलं. पुढे प्रेत मागे पडलं, झटका उरला, आणि ‘गॅल्व्हनाइज’ म्हणजे एखाद्याला खडबडून कामाला लावणं असा अर्थ रूढ झाला.

मग गॅल्व्हानी चुकले होते का?

बॅटरी आली तेव्हा सगळ्यांनी तसंच धरलं. प्राणिज विजेचा विषय काही दशकं मागे पडला. पण १८२० नंतर प्रवाह मोजणारं नाजूक उपकरण आलं. त्याला गॅल्व्हानी यांचंच नाव मिळालं, गॅल्व्हानोमीटर. या उपकरणानेच त्यांची बाजू परत मांडली. इटलीत मात्तेउच्ची आणि जर्मनीत द्यू ब्वा-रेमोंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्नायू आणि नसांमधली वीज प्रत्यक्ष मोजून दाखवली. ती वीज सोडियम आणि पोटॅशियमच्या आयनांमुळे कशी निर्माण होते, हे हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मांडलं, त्यासाठी १९६३ चं नोबेल मिळालं. स्नायू ही लायडन जार नाही, तिथे गॅल्व्हानी यांचं चित्र चुकीचं होतं. पण पेशीच्या पडद्याच्या आतबाहेर विजेचा फरक असतो, हे मात्र त्यांनी सांगितल्याच्या बरंच जवळचं निघालं.

बोलोन्याच्या एका चौकाला आता त्यांचं नाव आहे. तिथल्या पुतळ्यात गॅल्व्हानी हातातल्या पाटीवर ठेवलेल्या बेडकाकडे बघत उभे आहेत.

आज तालुक्याच्या दवाखान्यातही ईसीजी निघतो. त्याची सुरुवात नेदरलँड्समध्ये विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केली, १९२४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. हृदयाची वीज टिपणारं त्यांचं यंत्र म्हणजे एक गॅल्व्हानोमीटर होता. तेव्हा छातीला लावायचे चिकट इलेक्ट्रोड नव्हते. रुग्णाला खुर्चीत बसवून त्याचे दोन हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवत असत.